शेवटच्या सभेचे माईकवाले काका

आमच्या नांदुऱ्यातले माईकवाले काका दार उघडण्याआधी तीन गोष्टी विचारायचे. "कोन हाय? नाव सांगा. गाव कोनतं?" दूधवाला रोजचा होता. मी तर भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात वाढलेली. तरी आम्हालाही सुटका नव्हती. नाव सांगून "नांदुरा!" असं ओरडलं की आतली कडी निघायची, आणि फटीतून आधी नुसता एक डोळा दिसायचा. लहानपणी आम्ही मैत्रिणी त्यांची नक्कल करून हसायचो. तो डोळा भ्यालेला असतो, हे कळेपर्यंत मी स्वतः शाळेत शिकवायला लागले होते.

काकांचं लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्न असो, भागवत सप्ताह असो की निवडणूक, भोंगे काकांचेच. पण त्यांची तार कधी कोणी जमिनीवर पाहिली नाही. चार बांबू जास्तीचे रोवतील, तासभर उशीर करतील, पण तार डोक्यावरूनच नेतील. मंडपवाले वैतागायचे. काका बांबूची दोरी आवळत म्हणायचे, "मानसाच्या वाटेत तार नको."

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असायचं. गल्लीत भांडण होवो, कोणाची सायकल चोरीला जावो, काका हात वर करायचे, "मी काई पाह्यलं नाई बावा." एकदा माझ्याच आईनं विचारलं, "भाऊजी, आमची मांजर दिसली का?" त्यालाही तेच उत्तर. आई हसून लोटपोट झाली. काका हसले नाहीत.

त्यांच्या तरुणपणी आमच्या भागात कापूसवाल्या शेतकऱ्यांचे एक पुढारी होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. काट्यावर कापूस मोजताना होणाऱ्या लबाडीविरुद्ध ते गावोगाव बोलत, आणि त्यापायी त्यांनी मोठी माणसं दुखावली होती. वडनेर भोलजीला सभा झाली. भाषण संपवून मंचावरून उतरताना, भरदिवसा, शेकडो लोकांसमोर त्यांना गोळी घातली गेली. दोघांना पकडलं, पुराव्याअभावी सोडून दिलं. त्या सभेचा माईक काकांचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना त्याबद्दल कोणी विचारत नसे. विचारून काय उत्तर मिळणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी एका वाहिनीनं तात्यांवर माहितीपट करायला घेतला. तो करणारी शर्वरी नावाची मुलगी पुण्याहून आली. मी इतिहास शिकवते, शाळेच्या अंकात तात्यांवर एक लेख लिहिला होता, म्हणून ती आधी माझ्याकडे आली. चहा पिता पिता तिनं विचारलं, "त्या सभेत हजर असलेलं कोणी आज आहे का?" मी सहज म्हणून गेले, "आमच्या शेजारचे काका आहेत." किती सहज!

गावात गोष्ट लपत नाही. आठवडा व्हायच्या आत शाळेच्या फाटकाशी एक पांढरी जीप उभी राहिली. उतरला तो तिशीतला, स्वच्छ कपड्यातला माणूस. मी त्याला ओळखत होते. त्याच्या घराचा दबदबा नांदुऱ्यापासून मलकापूरपर्यंत. त्यानं नमस्कार केला. "मॅडम, काका म्हातारे झाले. त्याईले कशाले तरास देता? जुनं झालं सगळं." आवाज अगदी नम्र होता. त्या नम्रपणानंच माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. तिसऱ्या दिवशीही.

मी काकांकडे गेले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. आत काका खाटेवर पाय जवळ घेऊन बसले होते. "काका, माझं चुकलं. मी तिला सांगते, तुमच्याकडे येऊ नको."

"हो, सांग तसं," ते म्हणाले. "मी काई पाह्यलं नाई."

मी शर्वरीला फोन केला. ती म्हणाली, "ठीक आहे. पण तात्यांच्या मुलीशी आम्ही बोललोय, तेवढं त्यांना एकदा दाखवा. मग तुम्ही म्हणाल तसं." तिनं चित्रफीत पाठवली. मी काकांसमोर मोबाइल धरला.

तात्यांची मुलगी, सुमनताई, आता साठीकडे झुकलेल्या, अकोल्याला असतात. सभेच्या वेळी सहा वर्षांच्या होत्या. पडद्यावर त्या म्हणत होत्या, "मी मंचाच्या डाव्या बाजूला सतरंजीवर बसले होते. मी 'बाबा' म्हणून हाक मारली असणार. नाहीतर ते त्या बाजूनं का उतरले असते? मारेकरी तिकडेच उभा होता. घरात मला कोणी कधी बोललं नाही. पण मी जन्मभर समजून आहे."

काकांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि तेवढंच पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"ते पोट्टी नाई," ते म्हणाले. "ते मी होतो. बोलाव त्या पोरीले."

"काका, बाहेर जीप उभी आहे."

"मले दिसते ना. मले काय भेव नाई वाटत का? भेव वाटूनच राह्यलं. तू बोलाव."

चित्रीकरण काकांच्या बैठकीत झालं. आवाज नको म्हणून पंखा बंद, दारं-खिडक्या लावलेल्या. काकांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. शर्वरीच्या सोबतच्या माणसानं विचारलं, थोडं शुद्ध बोलता येईल का, म्हणजे सगळीकडे कळेल. काका म्हणाले, "खाली पट्टी लिवा. मले मह्या बोलीत बोलू द्या. दुसऱ्या बोलीत मी खोटं बोलीन."

मग त्यांनी सांगितलं. "उजवीकून मी तारा टाकेल होत्या, भुईवरूनच. तात्याचा पाय अडकन म्हनून त्याईले सांगतलं, डावीकून उतरा. सभेच्या आंधी एक जन मह्याजवळ आला. पानी मागतलं. मंग इचारलं, तात्या कोन्या बाजूनं उतरतीन? मी सांगून देलं. मले काय मालूम! मंग गोळी झाली. भोंग्यातून साऱ्या गावानं आयकली. मी मान वर केली, त त्याच मानसाच्या हातात पिस्तूल."

शर्वरीनं हळूच विचारलं, "पोलिसांना का नाही सांगितलं?"

"आठ दिवसानं तो दुकानात आला. खुर्चीवर बसला. म्हने, तू काई पाह्यलं नाई. मी म्हनलं, मी काई पाह्यलं नाई. म्हने, आखीन म्हन. मी आखीन म्हनलं. तवापासून म्हनूनच राह्यलो." काकांनी बाहीनं घाम पुसला. "त्याच्या पोरीच्या लग्नाले माईक मीच लावला, बाई. पुऱ्या लग्नात तो मह्याकडं पाहून हासे."

मग त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं. पूर्ण नाव. मी कोपऱ्यात उभी होते. जीपवाल्याचे ते आजोबा, वारून वीस वर्षं झालेले.

माहितीपट लागला तो रविवारच्या सकाळी. काका आमच्याकडे येऊन बसले, पण डोळे मिटून. पडद्यावर त्यांनी नाव उच्चारलं त्या जागी आवाजच नव्हता. कायद्याची भानगड नको म्हणून वाहिनीनं ते गाळलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली.

त्यानंतरचे दिवस मला आजही नकोसे वाटतात. कोणी काहीच केलं नाही. जीप आली नाही, फोन आला नाही. शाळेतून घरी येताना मी दर दहा पावलांवर मागे वळून पाहायची. काकांनी दुकान उघडलं नाही. दाराला आतून लाकडी दांडा लावू लागले. मी डबा घेऊन गेले की दांडा निघायचा, डबा आत जायचा, दांडा पुन्हा लागायचा.

एका दुपारी त्या दारावर थाप पडली. मी भिंतीपलीकडून ऐकत होते.

"कोन हाय? नाव सांगा."

"सुमन. तात्यांची मुलगी."

आतून आवाज नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी धावत बाहेर आले. सुमनताई उन्हात शांत उभ्या होत्या. जीपवाल्यापेक्षा काकांना या बाईचं भय जास्त होतं, हे मला तेव्हा समजलं. शेवटी दांडा निघाला. काका त्यांच्या पायाशी वाकायला गेले, सुमनताईंनी त्यांना वरच्या वर धरलं.

"तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "तार होती, म्हणून बाबा तिकडून उतरले. पण काका, मी हाकही मारली असेल ना?"

काका पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "नाई! तुमी हाक माराल कुठून? तुमी झोपेल होत्या. तात्यानं माईक मह्या हातात देला अन् म्हनले, भोंगा लहान कर रे, पोट्टी झोपली."

सुमनताई तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. काका शेजारी बसून होते. दार सताड उघडं होतं, आणि ते दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

काका पुढच्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. भय गेलं होतं असं मी म्हणणार नाही. शेवटच्या आठवड्यातही दांडा लागतच होता.

स्मशानातून पुरुष परतले, बायका पांगल्या. मी काकांच्या ओट्यावर एकटीच होते, तेव्हा तो जीपवाला पायी चालत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, त्या माहितीपटात एक नाव गाळेल आहे. ते बोलले तवा तुम्ही खोलीत होत्या. मले घरच्याईनं जीप घेऊन धाडलं होतं, पन आमच्या घरात या गोष्टीवर कोनी तोंड उघडत नाई. काकांनी कोनाचं नाव घेतलं होतं?"

गल्ली रिकामी होती. मी ओट्यावर सरकून त्याला जागा करून दिली.

"बसा," मी म्हणाले. "सांगते."