मोकळा घोडा आणि मामांचा पाय

माझे वडील ट्रेलर चालवतात. ट्रेलरचा पुढचा, इंजिन आणि केबिनचा भाग म्हणजे घोडा. मागची लांब ट्रॉली पिरंगुटच्या कारखान्यात माल उतरवायला लावली की घोडा सोडवून घ्यायचा आणि भरे गावात आमच्या घरी यायचं, ही त्यांची जुनी पद्धत. मालकाची त्याला ना नव्हती. लहानपणी दारात घोडा दिसला की वडील जेवायला घरी आहेत, हे मला लांबूनच कळायचं. त्याच घोड्याच्या जिवावर मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि तिच्यामागे त्यांच्या किती रात्री रस्त्यावर गेल्या, याचा हिशेब मी कधी मांडू शकणार नाही.

भातकापणी संपली होती. लोकांनी पेंढा वाळायला गावच्या रस्त्यावरच पसरला होता. दुपारी वडील मोकळा घोडा घेऊन येत होते. मागं वजन नसलं की घोड्याची मागची चाकं हलकी पडतात, ब्रेक लावला की घसरतात. वळणावर मेंढरं आडवी आली, वडिलांनी ब्रेक मारला आणि पेंढ्यावरून घोडा तिरका सरकला. केबिनच्या पायरीचा धक्का लागून मेंढरांमागचे मामा रस्त्याखालच्या मोरीत पडले. मांडीचं हाड मोडलं.

हे मामा आमचे नात्यातले नव्हेत. माळावर त्यांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. दर साली कापणीनंतर त्यांची मेंढरं आमच्या भाताच्या खाचरात बसतात आणि खाचराला खत मिळतं. वडिलांनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं, तेव्हा वडील तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "बांधावरनं पडलो." तसंच लिहिलं गेलं. आमच्याकडे शेजाऱ्यावर पोलिसांचं झेंगट कुणी आणत नाही. मामांनी शेजार राखला.

हाडात सळई घातली. ऑपरेशनचा खर्च मामांच्या सोयऱ्यांनी उचलला. पण पुढं कितीतरी महिने माळावर चालायचं नव्हतं, आणि मेंढरांमागं कायमचं जायला दुसरं कुणी नव्हतं. मामांनी कळप विकायचं ठरवलं.

वडिलांना जेवण जाईना. ते मालकाकडे विम्याचं विचारायला गेले. ट्रॉली लावलेली नव्हती, तू आपला घरी चालला होतास, मग विमा कसला, असं मालक म्हणाला. गावातही सगळ्यांचं तेच मत होतं. मलाही ते खरंच वाटलं. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, पण गाडीची पॉलिसी कधी उघडून पाहिली नव्हती.

सुट्टी काढून मी पौडला एका विमा प्रतिनिधी बाईंकडे गेले. त्यांनी पॉलिसी माझ्यासमोर ठेवून शांतपणे समजावलं. घोड्याला स्वतःचा नंबर असतो, त्याची पॉलिसी त्या नंबरावर असते. ट्रॉलीचा नंबर वेगळा, तिचं संरक्षणही वेगळं घ्यावं लागतं. ट्रॉली सोडली म्हणून घोड्याचा विमा सुटत नाही. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई याच पॉलिसीत येते. लायसन्स, परमिट, फिटनेस चालू पाहिजे. ते सगळं होतं. ड्रायव्हरने स्वतःच्या कामाला गाडी का नेली, असा वाद कंपनी घालू शकते, पण मालकाची परवानगी होती आणि जखमी माणसाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. निकाल शेवटी पुण्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागेल.

मी उठणार तोच त्यांनी विचारलं, "पोलिसांत नोंद आहे ना?"

नव्हती. आणि दवाखान्याच्या कागदावर मामा बांधावरून पडले होते.

संध्याकाळी वडील आणि मी माळावर गेलो. मामा खाटेवर पाय लांब करून बसले होते. मामींनी चहा ठेवला. वडील कप खाली ठेवून म्हणाले, "मामा, माझ्यावर केस करा."

"येडा झालास व्हय?" मामा हसले. मामी हसल्या नाहीत. "केस कराया आमी काय तुमचं वैरी हाय का?" म्हणाल्या.

मी मग बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मामा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पैसं कंपनी देणार. आन तुझ्या बापाचं काय?"

मला गोड बोलून चालणार नव्हतं. पोलीस बोलावतील, कोर्टात हजर व्हावं लागेल, लायसन्सचंही काही होऊ शकेल, असं मी सांगितलं. मामांनी मान फिरवली.

"माझं लायसन गेलं तर मी घरी बसंन," वडील म्हणाले. "तुमाला घरी बसून भागत न्हाई, मामा."

बाहेर मेंढरं वाड्यात शिरत होती. मामा त्यांचा आवाज ऐकत राहिले. "मग उद्या तुझ्या घोड्यातनंच जाऊ चौकीला," ते म्हणाले. "पाय लांब कराया जागा हाय त्यात."

त्यालाही मला नाही म्हणावं लागलं. मालवाहू गाडीच्या केबिनमध्ये ड्रायव्हर-क्लीनरशिवाय कुणाला बसवलं तर त्याचा विमा त्या पॉलिसीत नसतो.

मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हंजी घोडा माझ्या अंगावर घातला तर चालतंय, आन मी घोड्यात बसलो तर चालत न्हाई? तुमचं शिक्षण लई अवघड हाय, बाय."

तेव्हा मामी पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी मामा रिक्षातून गेले, वडील मोटारसायकलवर मागोमाग. चौकीत हवालदारांनी विचारलं, इतके दिवस खोटं का सांगितलं. मामा म्हणाले, "शेजारी हाय म्हणून. आता त्योच म्हनतोय, खरं सांगा. लिवा."

दाव्याला बराच काळ लागला. कंपनीने न्यायाधिकरणात मामांचा दवाखान्यातला पहिला जबाब पुढं केला, तेव्हा मामांनी तिथंही हेच सांगितलं. वडिलांना दंड झाला, लायसन्स राहिलं. भरपाई येईपर्यंत त्यांनी खेपा कमी केल्या आणि घोडा दारात उभा करून माळावर मेंढरांमागं जाऊ लागले. मेंढरं त्यांना जुमानत नसत. मामा खाटेवरून शिट्टी घालत, मग कळप वळे.

कळप विकला गेला नाही. यंदाही तो आमच्या खाचरात बसला आहे. मामा काठी टेकत त्याच्यामागं आले, थोडे लंगडत, आणि दारातल्या घोड्याला लांबून वळसा घालून आत आले.