रस्ता बरा होता

रेनो लुओकालाच्या लग्नात पाद्र्याने विचारलं, हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का, तेव्हा हा "चालेल" म्हणाला. ही गोष्ट गावभर केली ती मीच. त्याबद्दल एल्मीने, म्हणजे त्याच्या बायकोने, वर्षभर मला वेलचीच्या पावाचा तुकडाही दाखवला नाही. पण गोष्ट खरी होती. रेनोकडे शब्दांची टंचाई होती आणि जे होते तेही तो जपून वापरायचा.

आमच्या टॅमरॅक बे गावात कमी बोलणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. फक्त एका विषयावर गप्प बसलेलं चालत नाही, तो म्हणजे बर्फ. आमच्याकडचा माणूस बायकोच्या आजारपणाबद्दल दोन वाक्यं बोलेल आणि छपरावर साचलेल्या बर्फाबद्दल दुपार घालवेल. गावाच्या वेशीवर त्या त्या वर्षीचा बर्फ मोजायची उंच फळी आहे. हिवाळा सौम्य गेला की लोक तिच्याकडे न बघता जातात, जशी काही घराण्याची अब्रू गेली.

या गावात रेनो हा एकटा बर्फाची बढाई न मारणारा. तो आमच्या कॉलेजच्या हॉकी संघाची बस चालवायचा. हॉकी म्हणजे बर्फावरची, दुसरी आम्हाला ठाऊक नाही. बस परत यायची तेव्हा दाराशी पोरांच्या आया, मैत्रिणी आणि माझ्यासारखे रिकामटेकडे उभे असायचे. कोणीतरी विचारायचं, "रस्ता कसा होता?" रेनो म्हणायचा, "बरा होता." एकदा वाटेत समोरची काच फुटली. बाकीचा रस्ता त्याने मफलर गुंडाळून, तोंडावर बर्फ झेलत काढला. उतरला तेव्हा भुवया पांढऱ्याफेक होत्या. "बरा होता," म्हणाला, "जरा वारा होता." आया हसल्या आणि घरी गेल्या.

संघ तसा कोवळा, बारसं होऊन सहा-सात हिवाळे झालेले. पण एकटा. बड्या कॉलेजांची एक कॉन्फरन्स आहे. तिच्यातली कॉलेजं वर्षभर आपसात खेळतात, त्यातली बरीचशी आमच्यापासून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर. पण वर्तुळाबाहेरच्याशी कोण खेळणार? आमच्या मैदानावर तर वर्षाकाठी एखाददुसराच संघ येई. मग जो हो म्हणेल त्याच्या दारी आम्ही जायचं, तीन-तीन राज्यं ओलांडून, परक्या बर्फावर, परक्या लोकांच्या शिव्या खात. तसल्या अवस्थेत या पोरांनी त्याच कॉन्फरन्सच्या गतविजेत्यांना त्यांच्याच घरात हरवलं होतं. खाण बंद पडली, कागदाची गिरणी गेली, तरी घरचा सामना असला की आमच्या मैदानाच्या छपराखाली उभं राहायला जागा नसे. संघातली पोरं शिकून पास होत होती, एक-दोघं तर इथल्याच मुलींशी लग्न करून इथेच राहिली, म्हणजे बघा किती धाडसी. लायकी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

हे सगळं मान्य, पण कॉन्फरन्सची खरी गरज एका घराला होती. ते मला एल्मीच्या स्वयंपाकघरात कळलं, न बोलावता कॉफीला गेलो होतो तेव्हा.

"त्याला दिसत नाही रे," ती म्हणाली. "काल कॉफी कपाच्या शेजारी ओतली."

डोळ्यांच्या मागचा पडदाच झिजत चालला होता, चष्म्याचा उपयोग नव्हता. परवान्यासाठी डोळे तपासतात तो अक्षरांचा तक्ता त्याने पाठ केला होता. बस चालवताना मध्येच थांबायचा, उतरायचा आणि पुढचे दिवे पुसायचा. दिवे स्वच्छच असायचे. एल्मी त्याला सोड म्हणून सांगून थकली. त्याचं उत्तर, त्याच्या मानाने भाषणच होतं.

"कॉन्फरन्समध्ये घेतलं की सोडतो. जवळचा रस्ता कोणीही चालवेल. हा लांबचा मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही."

तर अशात त्या वर्षी कॉन्फरन्सची पाहणी समिती आली. समितीचे प्रमुख हॅविलंड म्हणून होते, तुळतुळीत दाढी, मऊ बोलणं. त्यांच्यासमोरचा घरचा सामना आम्ही जिंकलो. कॉलेजच्या अध्यक्ष टॉलंडबाईंनी संघाची बाजू अशी मांडली की माझासुद्धा ऊर भरून आला. मग चर्चच्या तळघरात जेवण झालं. मांस, बटाटा आणि सलगम भरलेल्या मोठ्या करंज्या होत्या, त्यांना आम्ही पास्टी म्हणतो. गावातले चार मान्यवर, टॉलंडबाई, वाढायला मी, आणि बसवाला म्हणून रेनो. हॅविलंडसाहेबांनी दुसरी पास्टी मागून घेतली. तिथेच काम झालं होतं.

पण त्यांनी सौजन्य म्हणून विचारलं, "इथे हिवाळा जरा कडक असतो म्हणे?"

पाहुण्याने आमच्या गावात विचारू नये असा हा एकच प्रश्न. गस नारा हा आमचा नळवाला. त्याने काटा खाली ठेवला तेव्हाच टॉलंडबाईंचा चेहरा उतरला. गसने सांगितलं की त्याच्या आईला एका वर्षी माडीच्या खिडकीतून ये-जा करावी लागे. दुसऱ्याने त्यावर आठवडाभर बंद पडलेला महामार्ग चढवला. तिसऱ्याने फेब्रुवारीत हरवलेला आणि एप्रिलमध्ये सापडलेला ट्रक काढला. पाद्रीसुद्धा न राहवून म्हणाले की आमच्याकडे हिवाळ्यात मेलेल्याला मे महिन्याशिवाय जमीन मिळत नाही, माती लोखंडासारखी होते, तोवर प्रेतं दफनभूमीतल्या दगडी खोलीत थांबतात. "रांगेत," गसने पुस्ती जोडली. प्रत्येकजण आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडत होता, आणि माझा मोठा की तुझा, अशी चढाओढ लागली होती.

हॅविलंडसाहेबांचं चावणं मंदावलं. ते रेनोकडे वळले. "तुम्ही तर हा रस्ता नेहमीचाच चालवता. कसा असतो?"

"बरा असतो," रेनो म्हणाला. मग त्याने आणखी शब्द जोडले, हे मी स्वतः ऐकलं. "तुमच्या पोरांना काही होणार नाही."

झालं असतं, तेवढ्यावर निभावलं असतं. पण गसने त्याच्या पाठीवर थाप मारली. "अहो, याचं काय ऐकता! याची काच फुटली होती तरी रस्ता बराच होता!" आणि ती गोष्ट, मफलर, भुवया, वारा, सगळं रंगवून सांगितली. टेबल हसून लोटपोट. रेनो ताटाकडे बघत राहिला.

महिन्याभराने टॉलंडबाईंना फोन आला. संघाच्या लायकीबद्दल दुमत नाही. पण सदस्य कॉलेजं आपली मुलं त्या रस्त्यावर पाठवायला तयार नाहीत.

रेनोने पुढच्या हिवाळ्यात बस काढली. एल्मी चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण त्याच्या घरात हा फरक कळायला वेळ लागायचा.

फेब्रुवारीत लांबच्या सामन्याहून परतताना वादळ उठलं. समोरचं पांढरं झालं. रेनोने बस कडेला घेतली आणि दिवे पुसायला खाली उतरला. मागून बर्फ ढकलणारी गाडी आली. तिच्या चालकाला बस दिसली, त्याने ती चुकवली. माणूस दिसला नाही. पोरं आत झोपली होती. जाग आली तेव्हा त्यांना वाटलं, रेनो कॉफी प्यायला गेला असेल. फडकं दिव्याच्या काचेला गोठून चिकटलेलं सापडलं.

त्याला दगडी खोलीत ठेवलं. पाद्र्यांनी त्या दिवशी जमिनीबद्दल काही सांगितलं नाही.

बातमी दूरवर गेली. मोठ्या वर्तमानपत्रांत रेनोचा फोटो आला, टोपी तिरकी. आणि एप्रिलमध्ये, तो अजून जमिनीच्या वरच असताना, कॉन्फरन्सने आम्हाला घेतलं. त्या घटनेने सगळ्यांची मनं हेलावली, असं हॅविलंडसाहेबांनी कळवलं. टॉलंडबाई स्वतः एल्मीला सांगायला गेल्या. मी तिथे आधीच कॉफीला बसलेला.

एल्मीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आधी रस्ता आडवा आला, आणि आता रस्त्यावर मेलेला कामी आला."

टॉलंडबाईंनी कॉफी अर्धी टाकली. मे महिन्यात माती मऊ झाली आणि रेनोला पुरलं.

पुढच्या हिवाळ्यातला कॉन्फरन्सचा पहिलाच बाहेरचा सामना जवळच होता. आम्ही तो सपाटून हरलो. नवीन चालक टॉड म्हणून तरुण होता, गसचा भाचा. बस आली तेव्हा एल्मी दाराशी उभी होती. कशाला आलीस, असं तिला कोणी विचारलं नाही. कोणाच्या तरी आईने सवयीने विचारलं, "रस्ता कसा होता?"

टॉड खुलला. वाऱ्याने बस कशी हलत होती, वळणावर मागची चाकं कशी घसरली, हे तो हातवारे करून सांगू लागला. आयांचे चेहरे पांढरे पडत चालले होते. एल्मी गर्दीतून पुढे गेली आणि तिने त्याची बाही धरली.

"बरा होता म्हण," ती म्हणाली. "आणि उद्या डॉक्टरकडे जाऊन डोळे दाखवून ये."