सिस्टरने हलवलेला खांब

वर्गात तिला सगळे सिस्टरच म्हणत. सोळा वर्षं रुग्णालयात नर्स म्हणून काढल्यावर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ती विद्यापीठात आर्किटेक्चर शिकायला आली होती. दुसऱ्या विषयातली पदवी असणाऱ्यांसाठी तिथे साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम होता.

"आता इमारती बांधणार तू?" आईने कपाळाला हात लावला होता. "घरातलं कपाट धड लागत नाही, ते बघ आधी!" पण बोलता बोलता आईनेच स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि लेकीला मोकळं केलं.

तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते वॉर्डातच. हात धुवायचा नळ एका टोकाला, औषधांचं कपाट दुसऱ्या टोकाला, आणि मधे दिवसभर तिची पायपीट. "हा नकाशा कुणी काढलाय, एकदा भेटायला हवा," ती चडफडायची. मग एक दिवस वाटलं, चडफडून काय होणार, आपणच शिकावं.

शिकणं मात्र सोपं नव्हतं. पहिल्याच सुईत शीर सापडणाऱ्या तिच्या हाताला सरळ रेघ जमेना. कॉम्प्युटरवर नकाशा काढायला नववीतल्या लेकीने शिकवलं, तेही टोमणे मारत. "आई, तुझा जिना हवेत लटकतोय. खाली मजला घाल की त्याला!" दुसऱ्या सहामाहीत सरांनी तिचं काम बाजूला सारलं. म्हणाले, "खोल्यांची यादी केलीय तुम्ही. इमारत कुठाय?" त्या विषयात ती नापास झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी-पेन्सिल घेऊन बसली.

शेवटच्या प्रोजेक्टला तिने तीस खाटांचं रुग्णालय घेतलं. प्रत्येक खाटेवरून झाड दिसावं म्हणून मधोमध अंगण. सरही खूश झाले. "फक्त अंगण थोडं ऐसपैस करा," म्हणाले. तिने केलं. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात अंगणाच्या कोपऱ्यातला एक खांब आत, येण्याजाण्याच्या वाटेवर सरकवला.

परीक्षेच्या दिवशी बारापर्यंत कागद भिंतीवर लावायचे होते. लावून झाल्यावर ती दोन पावलं मागे सरली आणि तिथेच थबकली. वॉर्डातून शस्त्रक्रियेच्या खोलीकडे वळताना तो खांब बरोबर आडवा येत होता. खाट वळेल? नकाशावरून सांगता येईना. ती खडू घेऊन तडक बाहेरच्या फरसबंदीवर गेली, मापं टाकून वळण आखलं आणि दोघा वर्गमित्रांना खाटेएवढं टेबल ढकलायला लावलं. टेबल खडूच्या खांबावरून गेलं. तिरकं करून पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. छे!

"सिस्टर, गप्प बसा," एकजण कुजबुजला. "कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

तीन वाजता तिचा नंबर लागला. समोर सर होते आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, पांढऱ्या केसांच्या, मितभाषी.

"सुरुवातीलाच सांगते," ती म्हणाली. "माझ्या इमारतीत एक चूक आहे. इथे खाट वळत नाही."

सरांनी डोळे मिटून घेतले. बाई पुढे वाकल्या. "कधी कळलं?"

"आज साडेबाराला."

मागे उभ्या वर्गमित्रांत हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. "सांगितलंत कशाला? मला दिसलं नसतं."

"बाई, मी सोळा वर्षं खाटा ढकलल्यात. अडलेल्या खाटेवर माणूस असतो. तो वर छताकडे बघत विचारतो, सिस्टर, काय झालं? तेव्हा त्याला काय सांगायचं?"

बाईंनी पारदर्शक कागदाचा तुकडा फाडून तिच्या हातात दिला. "काढा दुरुस्त करून. इथेच."

तिने तो नकाशावर धरला. खांब वाटेतून बाहेर, अंगणाकडे घेतला, त्याच्या जोडीचाही सरकवला, वरची तुळई त्यांच्या रांगेत आणली. अंगण दीड मीटरने आखडलं. झाडं राहिली. वीसेक मिनिटांनी तिने तो कागद बाईंपुढे ठेवला.

तासाभराने सर दाराबाहेर आले. "पास. आठ दिवसांत सुधारलेले कागद द्यायचे, आणि..."

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. ती व्हरांड्यातल्या बाकावर मटकन बसली. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. घरी फोन लावला.

"आई, सुटले गं!"

पलीकडून एक लांब सुस्कारा. "बाई बाई! सकाळपासून माझ्या हातून एक काम धड झालं नाही."

"तुझ्या का?"

"का म्हणजे? साडेतीन वर्षं तुझ्याबरोबर मीही शिकलेच की!"

पुढे सिस्टर दवाखाने बांधणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागली. पण त्या संध्याकाळी ती बसस्टॉपवर नुसती बसून राहिली. दोन बस आल्या आणि गेल्या. तिला कुठलीच घाई नव्हती.