जास्वंदीवरची फवारणी

हे गावी परत आले तेव्हा बसूनच झोपत होते. तमिळनाडूत गलाईच्या दुकानात सोनं गाळण्यात ह्यांची उमर गेली. तेजाबाचा धूर छातीत बसला. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांपेक्षा पोटात अन्न जाऊ दे. तेच जात नव्हतं. घास घेतला की दम लागायचा, मग ताट सरकवायचे.

खिडकीसमोर माझी जास्वंद आहे. तिच्या शेजारच्या कपड्यांच्या तारेवर फुलचुखीनं घरटं केलं. गवताच्या काड्या, कोळ्याचं जाळं, त्यात माझ्या केसांचा गुंताही. मादी अंगठ्याएवढी, पिवळसर. नर काळा, उन्हात निळा झळकायचा. मादी वाकडी चोच फुलात घालून रस प्यायची आणि सारखी चिवचिवायची.

हे म्हणाले, "बघ, उभ्या जन्मात तू बोलली न्हाईस तेवढं ही एका सकाळी बोलती."

पिल्लं निघाली तेव्हा ह्यांनीच खेळ काढला. फुलचुखी चारा घेऊन आली की एक घास खायचा. ती गेली की दम घ्यायचा. परत आली की दुसरा. वाटीभर पेज संपू लागली. मी कपडे कुंपणावर वाळत टाकू लागले.

मग जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. पांढरी कीड, कळ्या गळायला लागल्या. फुलं गेली तर पाखरू जाईल, ही मला धास्ती. त्याच आठवड्यात धाकटे दीर द्राक्षबागेत फवारणी करून आले. आमच्याकडं पंपात उरलेलं औषध कोणी ओतून देत नाही, दारातल्या झाडांवर मारतात.

"वैनी, तळाला थोडं उरलंय. जास्वंदीवर मारू का? चार दिसांत कीड जाती."

पाखराला काही होईल का, असं विचारावंसं वाटलं. पण दिरांशी मी कधी तोंड वर करून बोलले नाही. ह्यांचा डोळा लागला होता. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मादी झाडाखाली पडलेली. मुंग्या लागल्या होत्या. ह्यांच्या नजरेआड घरामागच्या परड्यात नेऊन पुरली. नर दोनदा येऊन गेला, मग तोही दिसला नाही. पिल्लं ओरडत होती. कणकेच्या बारीक गोळ्या करून काडीनं भरवायला गेले. चोची उघडायची, पण त्यांना गिळता येईना.

पेज घेऊन ह्यांच्याजवळ बसले. हे खिडकीकडंच बघत होते.

"लांब गेली असंल चाऱ्याला," मी म्हणाले.

"अगं, जनम तेजाबात काढलाय. काल जाग आली ती फवाऱ्याच्या वासानंच."

"आवं, मग तवाच का सांगितलं न्हाईसा?"

"मारून झालं हुतं. तू झाडाखाली हुबी हुतीस. खुशीत दिसलीस."

मला रडू आलं. ह्यांनी तोंड उघडलं. "दे एक घास. रडू नगंस."

तो घास त्यांनी लय वेळ तोंडात धरला. दुसरा मागितला नाही. पिल्लांचा आवाज थांबला तो माझ्याआधी त्यांनाच कळला. "खिडकी लाव," म्हणाले. त्या दिवसापासून पेज वाटीतच थिजायला लागली.

जास्वंद मात्र सुधारली. कीड गेली, झाड फुलांनी भरलं. तेराव्याला ह्यांच्या फोटोला हार करायला दिरांनी तिचीच फुलं मागितली. मी परडी भरून आणून दिली.