पाकिटातल्या साखळ्या

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. कुठेही जायचं तर चार गाड्या एकामागोमाग. पहिल्या गाडीतल्या कुणाला बाथरूमला जायचं असेल तर मागच्या तिन्ही गाड्या थांबतात आणि मग सगळ्यांनाच बाथरूमला जायचं असतं. ग्रुप म्हणजे सनीव्हेल आणि सांता क्लारामधली चार मराठी कुटुंबं. मुलं लहान असताना त्यांच्यासाठी जमलो होतो. मुलं कॉलेजात निघून गेली, तरी आईबाप अजून एकत्र फिरतात. एकटं कुठे जायचं हे आता कुणाला आठवत नाही.

त्या वर्षी सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. समोर पाणी वाहताना दिसलं की अंदाज सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला नळ सोडला, हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "मिनिटाला सात लिटर. वाशर बदल."

त्या हिवाळ्यात डोंगरांत बेसुमार बर्फ पडला. टीव्हीवर छपरापर्यंत गाडलेली घरं दाखवत होते. सासरे रोज ते बघायचे. एक दिवस म्हणाले, "हे वितळायला लागलं की पाणी किती सुटेल गं?"

"बघायचंय का तुम्हाला?"

"जन्मभर धरणाच्या दरवाज्यांमागचं पाणी बघितलं. मोकळं एकदा बघेन म्हणतो. तो धबधबा दाखवतात ना, तो."

सहा महिन्यांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. एप्रिलच्या मध्यावर, मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. वय अठ्ठ्याहत्तर आणि दोन्ही गुडघे गेलेले. पुन्हा एवढा प्रवास होणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही. त्यामुळे त्याआधीचा शनिवार हा शेवटचा दिवस होता.

नवऱ्याने ते ग्रुपवर सांगितलं, आणि मग तो त्यांचा धबधबा राहिला नाही, ग्रुपची ट्रिप झाली.

ग्रुपला एक लीडर आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर. त्याने तासाभरात एक्सेल शीट पाठवलं: कुठली गाडी कितव्या नंबरला, पुऱ्या कुणाकडे, बटाट्याची भाजी कुणाकडे, डिस्पोझेबल प्लेट्स कुणाकडे. शीटमध्ये धबधब्याला पस्तीस मिनिटं होती. पुरीभाजीला एक तास.

त्या आठवड्यात कडक ऊन पडलं होतं, पाणी चांगलं सुटलं होतं, पण गुरुवार-शुक्रवारी पुन्हा बर्फ पडणार असा अंदाज आला. अशा वेळी डोंगरातल्या रस्त्यावर जायचं तर चाकांना बांधायच्या साखळ्या बरोबर लागतात. त्यांना सगळे चेन्सच म्हणतात. इथल्या दुकानांत वस्तू न वापरता परत करता येते, आणि आमच्या लोकांनी या सोयीचा धर्म केलेला आहे. तंबू आणायचा, नाही उघडला तर परत. पाहुण्यांसाठी गादी आणायची, पाहुणे गेले की परत. लीडरने चार गाड्यांसाठी चार पाकिटं आणली, घरोघरी पोचवली आणि मेसेज टाकला: "प्लीज कोणीही पॅकेट ओपन करू नका. बिल माझ्याकडे आहे. संडेला सगळे एकत्र रिटर्न करू." त्याखाली सगळ्यांचे अंगठे. माझ्या नवऱ्याचाही.

गुरुवारी संध्याकाळी मी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आमचं पाकीट उघडलं. न बघता बर्फात जाणं मला जमत नाही. चेन चाकावर बसत नव्हती, लहान पडत होती. मी दुकानात जाऊन आमच्या टायरच्या मापाची दुसरी आणली आणि तीनदा घालून, तीनदा काढून बघितली. तिसऱ्या वेळेस अकरा मिनिटं लागली.

"ग्रुपवर टाकू नकोस," नवरा म्हणाला. "त्याने एवढं केलंय, त्याला वाईट वाटेल."

मी टाकलं. टायरवरचं माप आणि पाकिटावरचं माप जुळतंय का, एकदा बघून घ्या. त्यावर कुणीतरी हसणारा चेहरा पाठवला, आणि पुऱ्या रात्री तळायच्या की पहाटे ही चर्चा पुढे चालू झाली.

शनिवारी साडेपाचला निघायचं होतं, सव्वासातला निघालो. वाटेत दोन थांबे झाले. पुरीभाजीचा थांबा शीटप्रमाणे एक तास असायचा तो दीड तास चालला, कारण लीडरच्या बायकोने लोणच्याच्या बरण्या काढल्या आणि प्रत्येक लोणचं कुणाच्या आईचं हे सांगायला सुरुवात केली. सासरे गाडीतच बसून होते. कानटोपी, मफलर, मांडीवर दुर्बीण.

"पोचतो ना आपण?" त्यांनी मला विचारलं.

"पोचतो."

धबधबा ज्या नॅशनल पार्कात आहे त्याच्या रस्त्यावर चढ सुरू झाला आणि एका वळणावर गाड्या थांबलेल्या दिसल्या. बोर्ड लावला होता. पुढे ताजा बर्फ, चेन्स घातल्याशिवाय गाडी सोडणार नाही. तांबूस दाढीचा एक रेंजर प्रत्येक गाडीपाशी जाऊन तेच वाक्य म्हणत होता: घाला, नाहीतर वळवा.

चार मराठी घरांतली चार इंजिनियर माणसं खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लीडरने पाकीट डिकीवर ठेवलं आणि बायकोकडून नखं कापायची कात्री मागितली.

"कडेकडेने कापतो," तो म्हणाला. "म्हणजे परत टेपने लावता येईल."

बर्फ पडत होता आणि हा माणूस प्लास्टिकची पिशवी वाचवत होता. सहा-सात मिनिटांनी चेन बाहेर आली. त्याने ती चाकावर टाकली. दोन टोकांमध्ये वीतभर अंतर राहिलं.

"अरे, हे कसं काय यार?" दुसरा म्हणाला.

कसं काय ते पाच मिनिटांनी कळलं. लीडरने दुकानात जे माप सांगितलं होतं ते त्याच्या जुन्या गाडीचं होतं. ती त्याने दिवाळीत विकली होती. त्याची नवी गाडी आणि बाकी दोघांच्याही गाड्या मोठ्या, उंच. तिन्ही पाकिटं निरुपयोगी. एकाने तर आपलं पाकीट उघडलंच नाही. म्हणाला, "हे तरी रिटर्न होईल."

मी आमच्या डिकीतून चेन काढली, चटई अंथरली आणि गुडघ्यांवर बसले. सासरे काठी टेकत खाली उतरले.

"मागच्या चाकांना घाल," ते म्हणाले.

"पुढच्या, बाबा."

"आमच्या खात्याच्या जीपला कायम मागे घालायचे. चिखलात."

"तुमची जीप मागून ढकलायची. ही गाडी पुढून ओढते."

त्यांनी वाकून चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर छत्री धरली. मी आतली कडी अडकवली, बाहेरची अडकवली, रबर ताणलं. दुसरं चाक. अकराऐवजी सोळा मिनिटं लागली, बोटं गार पडली होती. रेंजर येऊन बघून गेला, मान हलवली.

"आमच्या गाडीत पाच जागा आहेत," मी सगळ्यांना सांगितलं. "बाबा आणि मी जातोय. तिघं चला."

आता खरी गंमत सुरू झाली.

"असं तिघं-तिघं नको ना," लीडर म्हणाला. "गेलो तर सगळे जाऊ. ग्रुपची मजा असते."

"मग लेडीज जाऊ देत," एक जण म्हणाला.

"लेडीज चार आहेत. त्यांतली एक ड्राइव्ह करणार, म्हणजे तीन उरल्या. पण मग ह्यांना जेवायला कोण देणार?" लीडरची बायको म्हणाली. हे ती हसत म्हणाली, पण डब्याच्या पिशवीवरचा हात काढला नाही.

"काकांना उगाच थंडीत कशाला न्यायचं? यूट्यूबवर फोर-केमध्ये आहे. मोठ्या टीव्हीवर लावू आज," तिसरा म्हणाला.

सासऱ्यांनी काठी बर्फात रोवली. "यूट्यूबचं पाणी मी पुण्यात बघेन," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मी नवऱ्याकडे बघितलं. हे त्याचे वडील. तो एका बुटावरचा बर्फ दुसऱ्या बुटाने काढत होता.

"बरं दिसत नाही गं," तो हळूच म्हणाला. "आपण जायचं आणि हे लोक इथून परत. आपणच तर ट्रिप काढली."

"मग तू थांब यांच्याबरोबर. बरं दिसेल."

"तू रागावून बोलतेयस."

"नाही. एक वाजत आलाय. पाचला बर्फ वाढणार आहे." मी तीन जागांसाठी आणखी दहा मिनिटं थांबले. त्यात नावं ठरली, बदलली, चिठ्ठ्या टाकू या असंही कुणीतरी म्हणालं. मग मी गाडी सुरू केली आणि तीन रिकाम्या जागा घेऊन निघाले. आरशात नवरा हात हलवताना दिसला. ग्रुपच्या सगळ्यांनीच हात हलवले. निरोप समारंभ त्यांना उत्तम जमतो.

शंभर-दीडशे मीटरवर थांबून चेन पुन्हा ताणली. ताशी तीस-चाळीसच्या वेगाने चढ संपवला आणि खाली दरीत उतरलो. तिथे रस्ता काळा, ओला होता. चेन काढून टाकली.

आत काय असेल याची मला कल्पना होतीच. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बर्फाच्या भिंती, मोडलेल्या पाइनच्या फांद्या, पिकनिकच्या टेबलांची फक्त वरची फळकुटं बाहेर. अर्धं पार्किंग उपसलेल्या बर्फाच्या ढिगांखाली, आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं कॅलिफोर्निया. चप्पल घालून आलेली माणसं. दोराच्या पलीकडे बर्फावर बसून फोटो काढणारे, शेजारी 'दोर ओलांडू नका' अशी पाटी. बाथरूमची रांग रेस्टॉरंटच्या दारापर्यंत. एक बाई लग्नासारखा मेकअप करून घोंगडीवर योगासनं करत होती आणि तिचा माणूस मोबाइलवर शूटिंग करत तिला म्हणत होता, पुन्हा कर, मागून बस गेली. निसर्ग बघायला आलेल्या माणसांइतकी निसर्गाकडे पाठ केलेली माणसं मी दुसरीकडे बघितलेली नाहीत.

गाडीला जागा चोवीस मिनिटांनी मिळाली. तिथून धबधब्यापर्यंत सपाट डांबरी वाट आहे, निरोगी माणसाला दहा मिनिटांची. आम्हाला चाळीस लागली. वाटेत दोनदा ते बाकावर बसले. आवाज आधी आला. मग झाडं संपली.

ते कठड्याला दोन्ही हात धरून उभे राहिले. पाणी एवढ्या जोरात पडत होतं की तुषार आमच्यापर्यंत येऊन त्यांचा चष्मा भरला. त्यांनी तो पुसला, घातला, पुन्हा पुसला, मग खिशात ठेवून दिला. दुर्बीण गळ्यात तशीच लटकत राहिली. मी त्यांच्या अंदाजाची वाट बघत होते. किती क्युसेक, किती उंची, याने अमुक धरण किती दिवसांत भरेल. एक मुलगा सेल्फी काढताना मागे सरकत त्यांच्या पायावर आला, तर त्यांनी काठीने त्याला बाजूला केलं, मान न वळवता.

पाऊण तास झाला. मी घड्याळ दाखवलं.

"चल," ते म्हणाले.

मी फोटो काढला नाही. वरच्या दिशेला परत चेन घालायची आहे आणि ती बोटं गार असताना घालायची आहे, एवढंच डोक्यात होतं.

ग्रुप पायथ्याच्या गावात पिझ्झा खात बसला होता. वाटेत पार्कचं नाव असलेल्या एका साइनबोर्डखाली त्यांनी सगळ्यांचा फोटो काढला होता. तो ग्रुपवर आलाही होता: अमेझिंग डे विथ अमेझिंग पीपल.

"मग काका, कसा होता वॉटरफॉल?" लीडरने विचारलं.

"ओला," सासरे म्हणाले आणि पिझ्झ्यावरची मिरची बाजूला काढली.

नवऱ्याने त्यांच्या खुर्चीमागे जाऊन त्यांचा ओला कोट काढायला मदत केली. त्यांनी ती करू दिली.

सोमवारी बॅगा भरून झाल्यावर त्यांनी पुण्यातल्या मित्राला फोन लावला. तोही त्यांच्याच खात्यातला. फोन स्पीकरवर होता, मी ओट्यापाशी भेंडी परतत होते.

"पाण्याचा डिस्चार्ज किती असेल रे अंदाजे?" मित्राने विचारलं.

"अंदाज नाही केला."

"तू? नाही केलास?"

"नाही केला." मग सासऱ्यांचा आवाज चढला. "पण तुला चेन कशी घालतात सांगतो. लोकांना माहीतच नसतं. तिथे चार इंजिनियर नुसते उभे! चेन नेहमी पुढच्या चाकांना घालायची. मागच्या नाही. का? कारण ही गाडी पुढून ओढते."

मी गॅस बारीक केला.