टीव्हीवर दिसलेली चकती

त्या कॅमेऱ्याची बुद्धी मला कुठून झाली, देव जाणे. झाली नसती तर बरं झालं असतं, हे सरळच सांगून टाकते.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या घरामागच्या खोलीत बाबांचं ड्रिल मशीन आहे. कापसाच्या जिनिंगच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून बाबा त्यावर सोऱ्याच्या पितळी चकत्या करायचे. शेवयांची, कुरड्यांची, शेवेची, ज्याला जी पाहिजे ती. उन्हाळा तोंडावर आला की भाजीबाजारातल्या बाया दुकान आवरून तशाच आमच्याकडे यायच्या. बाजारात तयार चकत्या मिळतात, पण बाबा तपासल्याशिवाय एकही चकती हातची सोडत नसत. तपासायची म्हणजे आईच्या स्वयंपाकघरात जाऊन तिच्यातून कणीक दाबून पाहायची. शेवई मध्येच तुटली की चकती परत मशीनवर, आणि आईची कटकट सुरू. त्या कणकेची वरणफळं मग आमच्या ताटात यायची.

पुढे बाबांचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण समोर पाहिलं की नेमकं मधलंच पुसट दिसायचं. मोतीबिंदू काढून झाला होता, आता आणखी सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. खूण एकीकडे आणि भोक भलतीकडे पडू लागलं. एकदा तर ड्रिल अंगठ्यात घुसलं. मी अमरावतीला कॉलेजात शिकवते. दर शनिवारी घरी येते. अशाच एका शनिवारी आले तर आई मशीन विकायची भाषा करत होती. माझं डोकंच फिरलं. अंगठा बांधलेला होता तेवढे दिवस बाबा कसे बसून होते ते मी पाहिलं होतं. चहा दिला तर प्यायचे, नाही तर नाही. मशीन गेलं तर हा माणूसही गेला, मला त्यात तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून मी कॅमेरा बसवायचं ठरवलं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसा छोटा कॅमेरा आणला, मशीनच्या खांबाला पट्टी कसून त्यावर लावला आणि घरातल्या जुन्या टीव्हीला जोडला. टीव्हीवर मधोमध लाल फुली यायची. आधी पत्र्याच्या तुकड्यात एक भोक पाडायचं, पत्रा न हलवता कॅमेरा सरकवून फुली त्या भोकावर आणायची. मग पितळेवरची खूण फुलीखाली आली की ड्रिल बरोबर तिथेच उतरणार. ऐकायला सोपं आहे. पण मशीन सुरू झालं की थरथरीनं पट्टी सरके आणि फुली ढळे. बाबा बाजूला बसून माझी अक्कल काढायचे, मीही उलट बोलायची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पट्टीखाली घातला तेव्हा कुठे ती जागेवर राहिली. बाबांना दिसावं म्हणून चित्र जेवढं मोठं करता येईल तेवढं मी केलं. तिथंच चुकलं.

पहिल्या दिवशी बाबांनी भोकांची एक अख्खी ओळ पाडली. बरोबर खुणेवर. खुशीत त्यांनी आईला हाक मारली आणि तिच्या सोऱ्यातली जुनी चकती मागवली. लग्नानंतर, वर्कशॉपात असताना, तिच्यासाठी केलेली ती त्यांची पहिली चकती. आपला हात काय होता ते आईला टीव्हीवर दाखवायचं होतं त्यांना.

मी चकती कॅमेऱ्याखाली ठेवली. टीव्हीवर सगळी वाकडी भोकं. एक मोठं, एक लहान, कडा कुरतडलेल्या. बाबा टीव्हीला नाक लावून किती तरी वेळ डोकं तिरपं करकरून पाहत राहिले.

“हे माही हाय?”

आई म्हणाली, याच चकतीच्या शेवया सारं घर खाऊन राहिलं, कोणाले वाकड्या लागल्या? मी म्हटलं, बाबा, इतकं मोठं केलं तर कोणाचंही काम असंच दिसेल. ते मानेचनात. मग माझा तिखट स्वभाव आडवा आला. थांबा, कारखान्याचीही अशीच वाकडी दिसते, दाखवतेच, म्हणून तावातावानं बाजारातली कारखान्याची चकती आणली आणि कॅमेऱ्याखाली ठेवली. तिची भोकं एकजात गोल आणि ओळी सरळ निघाल्या. आईनं टीव्ही बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यानंतर बाबांनी मशीनवर जुनी चादर टाकली. मी समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. कॅमेरा काढून फेकते म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, चांगला हाय. एक भाजीवाली बाई नेहमीसारखी चकती मागायला आली. बाबांनी तिला दारातूनच बाजारात जायला सांगितलं, माझी वाकडी असते म्हणून. ती हसली, गंमत समजली.

मी तिला थांबवलं, चादर काढली आणि फुली लावून स्वतः चकती केली. ती बाबांच्या हातात दिली. वाटलं, आता तरी चिडतील, माझ्या हातातून मशीन हिसकून घेतील. त्यांनी चकतीवरून बोट फिरवलं.

“बेस झाली,” म्हणाले. “दे तिले.”

जन्मात माझ्या कुठल्या कामाला त्यांनी बेस म्हटलं नव्हतं. मला ते नको होतं. मी म्हटलं, बाबा, नीट पाहा, एखादी तरी चूक काढा.

त्यांनी चकती उजेडाकडे धरली, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा लांब केली. मग माझ्या हातात परत दिली.

“मले दिसत नाई, बाई.”