बालाजी घाटासमोरची सुसर

१९९३ साल. मी चोपन्न वर्षांचा होतो आणि माझ्या एका शब्दावर लखनौहून मोठे साहेब बनारसला यायला निघाले होते. कशासाठी, ते मला उमगत नव्हतं.

मी सर्व्हेच्या ऑफिसात फील्ड अटेंडंट. गंगेच्या काठी काय उगवतं, काय पोहतं, काय सरपटतं, त्याची नोंद करायचं आमचं काम. साहेब लोक लिहीत, मी दाखवी. पाला रद्दी पेपरात दाबून वाळवायचा, मासे औषधाच्या पाण्यात बरणीत ठेवायचे. शाळा चौथीपर्यंत. पण जन्म बालाजी घाटावरचा, चार पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरातला. पाण्यातलं मला कुणी शिकवायचं नाही.

त्या पावसाळ्यात पुण्याहून देवधर बाई आल्या. नोकरी कच्ची, वर्षाच्या करारावर. ऑफिसात मराठी बोलणारा मी एकटा, म्हणून सगळं मलाच विचारायच्या. पूर होता, नावा बंद होत्या.

"काका, गंगेत मोठं जनावर कुठलं दिसतं?"

"सुसर. आमच्या घाटासमोरच. पाणी उतरलं की रोज."

"सुसर? नक्की?"

"बाई, लंगोटीत होतो तेव्हापासून बघतोय."

"तोंड कसं असतं?"

"लांब, चिमट्यासारखं. बारीक दात. रंग राखी."

"आणि लोक तिथंच आंघोळ करतात?"

"करतात की! ती काय करणार? गरीब जनावर."

बाई खुर्चीतून उठल्याच. रिपोर्ट इंग्रजीतून लखनौला गेला. आठवड्यात बातमी, साहेब स्वतः येणार. मी चक्रावलो. सुसर बघायला लखनौहून? उद्या कावळा बघायला दिल्लीहून येतील.

"त्यात बघायचं काय, बाई?"

"काका, घाटाजवळ सुसर म्हणजे केवढी गोष्ट! खरं निघालं तर माझी नोकरी पुढं चालेल. खोटं निघालं तर पुण्याचं तिकीट."

"निघेल. ती कुठं जातेय!"

पाणी उतरलं. साहेब आले. ननकू मल्लाहाची नाव घेतली. साहेब पुढं, दुर्बीण गळ्यात. बाई मधे, वही उघडून. मी मजेत. बालाजी घाटासमोर ननकूनं वल्हं थांबवलं. थोड्या वेळानं फुस्स आवाज झाला, राखी पाठ वर आली आणि गेली.

"ही बघा सुसर!" मी ओरडलो.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे.

"ई त सूंस हौ, साहेब," ननकू म्हणाला.

"सूंस तो मुझे भी दिख रही है," साहेब म्हणाले. "घडियाल कहाँ है?"

"घडियाल?" मी म्हटलं. "यहाँ घाट पर घडियाल कहाँ से आएगा, साहब? लोग नहाते हैं!"

बाईंनी विचारलं, "काका, सुसर म्हणजे घडियालच ना? मगरीची जात?"

"सुसर म्हणजे सुसर. ननकू तिला सूंस म्हणतो, आम्ही घरात सुसर म्हणतो. चार पिढ्या म्हणतोय."

सूंस म्हणजे गंगेतला डॉल्फिन. मासा नव्हे, श्वास घ्यायला वर येतो, म्हणून तो आवाज. तोंड घडियालसारखंच लांब, दात तसेच. त्यामुळे बाईंनी जे जे विचारलं, ते ते जुळत गेलं. तिकडे महाराष्ट्रात मगरीच्या जातीला सुसर म्हणतात, हे मला त्या नावेत कळलं. तरी मी विचारतो, मला हिंदीत एकदा तरी कुणी घडियाल म्हणून विचारलं होतं?

पायऱ्या चढताना साहेब बाईंना म्हणाले, "तीन महीने देता हूँ. इनके बताए सारे नाम दोबारा जाँचिए. बाद में देखेंगे. और इन्हें नाव पर मत लाइए."

मला! घाटावर जन्मलेल्याला!

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचं माहेर सांगलीचं, कृष्णाकाठचं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मग काय, मगरीलाच सुसर म्हणतात."

"तुला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्या गंगेतली सुसर अशीच असेल. काशीत काय, सगळंच निराळं."

रात्रभर ही सुसर की ती सुसर, तेच डोक्यात. धडा एवढाच, की आधी जनावर बघावं, मग नाव लिहावं. पण हा धडा लिहिणाऱ्यांसाठी आहे. मी लिहीत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या आधी जाऊन मी नावेत बसलो. बाई पायऱ्यांवरच थांबल्या.

"काका, साहेब काय म्हणाले, ऐकलंत ना?"

"ऐकलं. आज एकसुद्धा नाव सांगणार नाही. नुसतं बोट दाखवीन."

बाई नावेत चढल्या, तसा मी ननकूला दोर सोडायला लावला.